उंच केलेली गाडी

“थांबव गाडी,” आप्पा म्हणाले.

मी थांबवली. रुंदीकरणासाठी दोन्ही बाजूंनी खणून ठेवलेला मिरजेचा रस्ता, पुढे ओढ्यावरचा पूल, आणि टळटळीत दुपार. आप्पांनी दार उघडलं, दाराला धरून उतरले, टोपी नीट केली आणि गावाच्या दिशेनं चालायला लागले.

“आप्पा, कुठं निघालाय?”

“घरला.”

“आणि डायलिसिस?”

“तुझं तू जाऊन घे.”

आठवड्यातून दोन वेळा यंत्राला जोडलेला माणूस चालून चालून किती चालणार? शेजारच्या बाभळीपर्यंत गेले आणि बुंध्याला हात लावून उभे राहिले. मी गाडी उलटी घेत त्यांच्याजवळ नेली, काच खाली केली.

“या बसा. हळू नेतो.”

“तू हळू नेलीस तरी तेच, जोरात नेलीस तरी तेच. मणका न् मणका सुटलाय माझा. ह्या गाडीत बसून जगण्यापरास घरात पडून मेलेलं बरं.”

हे आप्पा बोलत होते, हे आधी लक्षात घ्या. आमचे आप्पा, म्हणजे भूपाल मगदूम, जन्मभर वीज बोर्डात वायरमन होते. एकदा खांबावरून पडले तर घरी आले, हातपाय धुतले, दिवस बुडायच्या आत जेवले, आणि ताट उचलताना म्हणाले, “हात जरा मोडलाय वाटतं.” असा माणूस गाडीच्या दणक्यांना कंटाळून मरणाची भाषा करत होता. त्या दिवशी मी त्यांना घरी आणलं. दवाखान्यातून फोन आला, एक खेप चुकली तर अंगात पाणी साठेल, छातीत चढेल, पुन्हा चुकवू नका. मी आप्पांना सांगितलं.

“शनवारी जाईन की,” आप्पा म्हणाले. “पाव्हणं येत्यात. त्यांच्यासंगं जाईन. मंगळवारचं काय मला सांगू नगंस.”

पाव्हणं म्हणजे त्यांचे जावई, माझे दाजी. मंगळवारची खेप माझी होती.

आता गाडीचं सांगतो. गाडी उंच केली ती आप्पांसाठीच. आमची जुनी पांढरी गाडी मुळात बुटकी. तिच्यात बसायचं म्हणजे विहिरीत उतरल्यासारखं, आणि आप्पांचे गुडघे तर वाकायचंच विसरलेले. शिवाय त्या खणलेल्या रस्त्यावर गाडीचं पोट घासायचं. मिरजेतल्या पिराजी मिस्त्रीनं उपाय सांगितला. त्यानं चारी चाकांना आट्यांचे शॉकअप बसवले. शॉकअपच्या नळीवर बोल्टासारखे आटे, आट्यांवर एक चकती, चकतीवर स्प्रिंग. चकती फिरवत वर नेली की गाडी वर उठते. पिराजीनं ती फिरवत फिरवत अगदी वरच्या आट्यापर्यंत नेली. गाडी टाचा उंच करून उभी राहिली. आप्पा आत बसले आणि म्हणाले, “आता कसं, खुर्चीवर बसल्यागत वाटतंय.” हे सुख पहिल्या खड्ड्यापर्यंत टिकलं.

तेव्हापासून मंगळवार आला की आप्पांची तक्रार सुरू. कंबर गेली, मान गेली, मूत्रपिंडं आधीच गेलीत आता बाकीचं पण जाऊ दे. माझं गावात फोटो स्टुडिओचं दुकान. त्यांना मी बोर्डात चिकटायला हवा होतो, मी कॅमेरा घेऊन बसलो, तेव्हापासून आमच्यात थोडं तुटकच होतं. माझं नाव शीतल. आमच्या जैनांत हे पुरुषाचंही नाव असतं. स्वभावाचा मात्र त्या नावाशी काही संबंध नाही. तरी मी डोकं थंड ठेवून एकेक करून बघितलं. टायरमधली हवा कमी केली. सीटवर कापसाची उशी टाकली. वाटलं, संध्याकाळचं जेवण सूर्य मावळायच्या आत व्हायला हवं म्हणून परतताना मी घाई करतो, त्याचा त्रास होत असेल. म्हणून डबा गाडीतच घ्यायला लागलो. आप्पा रस्त्याकडेला थांबून भाकरी खायचे आणि वर म्हणायचे, “जेवलेलं पण हलतंय आता.”

मी पिराजीकडे गेलो.

“मिस्त्री, गाडी उंच केल्यानं कडक झाली का?”

“कशी हुईल?” तो म्हणाला. “स्प्रिंग तीच हाय. चकती वर सरकवली म्हणून स्प्रिंगचं लोखंड बदलतंय व्हय?”

त्यानं ट्रायल घेऊन दाखवली. ट्रायल म्हटल्याबरोबर गॅरेजात चहा पीत बसलेले सगळे उठले आणि गाडीत कोंबून बसले. मीही कसाबसा बसलो. गतिरोधकावरून गाडी अलगद गेली.

“बघा की,” पिराजी म्हणाला, “पाळणा हाय पाळणा. दोष म्हाताऱ्यात हाय, गाडीत न्हाई.”

खरंच पाळणा होता. मी परत आलो.

आणि खरा गोंधळ पुढंच होता, कारण शनिवारी आप्पांना काहीही होत नसे. शनिवारी माझी अक्का आणि दाजी येत. अक्का म्हणजे त्रिशला, माझी थोरली बहीण. दाजी जयसिंगपूरला बँकेत. अंगानं भरभक्कम, बोलायला गरीब. शनिवारीही गाडी मीच चालवायचो. जावई माणूस मागं कसा बसणार? तेव्हा दाजी पुढं माझ्या शेजारी, आणि मागं आप्पा आणि अक्का. तोच रस्ता, तोच पूल, तेच खड्डे, मीच चालवणारा. आणि आप्पा मागं बसून पाव्हण्यांना पूर्वी कुठल्या खांबावर काय झालं ते सांगतायत. एक हूं नाही की चूं नाही. एकदा तर झोप लागली त्यांना.

मला वाटलं, मागची सीट मऊ असेल. मंगळवारी त्यांना मागं बसवलं. पुलावर मागून आवाज आला, “मारतोस का रं मला?”

म्हणजे रस्ता नाही, गाडी नाही, सीट नाही, चालवणारा नाही. मग उरलं काय? उरलो मी, एकटा. माझ्या एकट्याबरोबर आप्पांना यायचं नव्हतं. लेक-जावई सोबत असले की हाडं दुखत नाहीत, फक्त मुलगा असला की दुखतात, असाच त्याचा अर्थ मला लागत होता. माझी बायको पद्मश्री भांडी लावता लावता म्हणाली, “जावई माझा भला आणि लेक बाईलबुध्या. जुनं माणूस, चालायचंच.” तिनं गंमत केली. मला हसू आलं नाही.

एका शनिवारी मला लग्नाचे फोटो काढायला जायचं होतं, आणि अक्काला ताप होता. मी मुद्दामच दाजींना म्हणालो, “तुम्ही एकटे न्या आप्पांना.” म्हटलं, एकदाचा निकाल लागू दे. संध्याकाळी मी आलो तर आप्पा सोप्यात बसून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगत होते.

“काय हात हाय पाव्हण्यांचा! सायीवरनं चालल्यागत गाडी चालली. पोटातलं पाणी हाललं न्हाई.”

दाजी खाली मान घालून बसले होते. मला वाटलं, विनय.

निकाल लागला होता. मला फार वाईट वाटलं, ते सांगायला लाज कसली? बापाला आपला हात नको असेल तर माणसानं करायचं काय? त्याच्या पुढच्याच मंगळवारी आप्पा पुलाजवळ उतरून चालायला लागले, ते वर सांगितलं.

बुधवारी दुकान उघडलं तर दारात दाजी उभे. बँकेत रजा टाकून आले होते.

“जय जिनेंद्र. शीतल, त्रिशला म्हणाली, आप्पा काल मधनंच परत आले म्हणं.”

“आले. तुमच्याबरोबर जायचं म्हणतात. तुम्हाला मंगळवारीही जमेल का बघा. माझ्या हातानं त्यांची हाडं मोडतात.”

दाजी स्टुलावर बसले. रुमालानं मान पुसली.

“एक सांगू? रागवायचं न्हाई.”

“तुमच्यावर रागवायची या घरात कुणाला परवानगी आहे?”

“त्या दिवशी मी एकटा घिऊन गेलो न्हाई का आप्पांना? माझीच कंबर मोडली हो. पुलावर असा दणका बसला, डोळ्यांत पाणी आलं. आन् आप्पा शेजारी बसून म्हणत्यात, झकास चाललीया. मला वाटलं, त्यांना काय हुईना, म्हंजे माझीच कंबर गेली. डॉक्टरला दावली. एक्स-रे काढला.”

“मग?”

“कंबर चांगली हाय म्हणाला.”

मी दुसरं स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसलो.

“म्हणजे गाडी तुमच्या हातातही आदळत होती? आणि आप्पा खोटं बोलले?”

“खोटं कसं म्हणायचं,” दाजी पुटपुटले. “मान राखला माझा.”

मी दुकानाला कुलूप घातलं. आम्ही दोघं गाडी घेऊन निघालो. गावाबाहेरच्या मोरीवरून नेली. दणका. दाजी कंबर धरून म्हणाले, “हेच. अगदी हेच.” माझा सगळा हिशेब उलटा झाला होता. गाडी माझ्या हातात आदळते, दाजींच्या हातात आदळते. मग आम्ही चौघं असताना का आदळत नाही? अक्का गाडीत बसली की रस्ता सपाट होतो काय?

“शनवारी येगळं काय असतंय?” दाजी म्हणाले.

“अक्का असते.”

“आन् मी.”

मी त्यांच्याकडे बघितलं. बऱ्यापैकी मोठे दिसले. मग मला पिराजीची ट्रायल आठवली, ती सगळी कोंबून बसलेली टोळी. मी गाडी वळवली ती सरळ पेंडीच्या दुकानाला. मागच्या सीटवर पोती टाकली, डिकीत टाकली. दुकानदार विचारायला लागला, “फोटोचा धंदा बसला काय?” पुन्हा मोरीवरून गेलो. गाडी खाली गेली, वर आली, पुढं गेली. दणका नाही. परत येऊन पोती उतरवली, पुन्हा गेलो. दणका. पुन्हा चढवली. आता बघायला माणसं जमली होती, आणि जावयाला पोती उचलायला लावली म्हणून एका म्हातारीनं मला चार शब्द सुनावले.

“वजन टाकल्यावर मऊ?” दाजी घाम पुसत म्हणाले. “हे उलटंच हाय की.”

आमचं दोघांचं शिक्षण तिथं संपलं. पिराजीकडे गेलो.

पिराजीनं आधी हसण्यावारी नेलं. मग रिकामी गाडी गॅरेजातल्या दुरुस्तीच्या खड्ड्यावर घेऊन खालून बघितली, चौघांना बसवून पुन्हा बघितली, आणि डोकं खाजवत वर आला.

“स्प्रिंग तीच हाय, त्ये मी खोटं न्हाई बोललो,” तो म्हणाला. “पण चकती पार वर नेल्यामुळं रिकामी गाडी शॉकअपच्या टोकाला जाऊन बसतीया. चाकाला खाली उतराय जागाच न्हाई. खड्डा आला की चाक लोंबकळतंय आन् गाडी त्याच्यामागनं आदळतीया. माणसं बसली की गाडी दबती, मग चाकाला खाली-वर दोन्हीकडं जागा मिळती.”

“मग ट्रायलला तुमच्या लक्षात कसं आलं नाही?”

त्यानं चहावाल्या टोळीकडे बघितलं. “ट्रायलला आमी सगळेच बसतोय की.”

म्हणजे आप्पांना त्रास नको म्हणून मी मंगळवारी गाडीत कुणालाही घेत नव्हतो, डिकीतली स्टँडं आणि लाइटसुद्धा काढून ठेवत होतो, आणि जितकी गाडी हलकी करत होतो तितकी ती त्यांना जास्त छळत होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तसं मी स्वतःलाच फाशी देऊन बसलो होतो.

पिराजीनं चकत्या निम्म्यावर आणल्या. “बसाय जरा वाकावं लागंल,” म्हणाला. “दोन्ही कसं मिळंल?” आम्ही दोघंच मोरीवरून जाऊन बघितलं. साय वगैरे नव्हती, पण कंबर शाबूत राहिली. दाजींना एसटीत बसवून मी घरी आलो.

आप्पा सोप्यात पावटे सोलत बसले होते. मी समोर बसलो आणि दोन शेंगा उचलल्या.

“आप्पा, खरं सांगा. दाजींबरोबर एकटे गेलात त्या दिवशी दुखलं होतं का नाही?”

त्यांनी आधी दाराकडे बघितलं.

“पाव्हणं गेलं?”

“गेले.”

“मरणाचं दुखलं,” आप्पा म्हणाले. “तुझ्यापरास वाईट चालवत्यात.”

“मग ते सायीवरनं चालल्यागत काय?”

“मग काय म्हणू? बिचारं आपली सुट्टी मोडून येतंय. त्याला म्हणू, तुमच्या हातानं माझी हाडं खिळखिळी झाली? मनाला लावून घेतलं असतं. जावयाला असलं सांगत्यात व्हय?”

“आणि मला सांगता! रोज! पुलापासून पुलापर्यंत!”

आप्पांनी हातातली शेंग खाली ठेवली. मी काहीतरी अगदीच खुळ्यासारखं बोललोय असं तोंड केलं.

“तुला न्हाई सांगायचं तर काय बोर्डात अर्ज देऊ?”

मी हसायला लागलो. आप्पांना कळेना मी का हसतोय. इतके महिने मी मनात जे कडू घेऊन फिरत होतो ते कुठं गेलं ते मला कळलं नाही. मी पावटे सोलत बसलो, आणि मला फार बरं वाटलं.

पुढच्या मंगळवारी आप्पा गाडीत बसले. बसताना वाकावं लागलं म्हणून कुरकुरले. पुलावर काही बोलले नाहीत, पण पुढं काच खाली घे, काच वर घे, हॉर्न कशाला वाजवतोस, त्या ट्रकच्या मागं का लागलास, असं मिरजेपर्यंत चालू होतं. शनिवारी दाजींच्या पुढं मात्र तेच, “वा पाव्हणं, वा.” शेजारी बसलेल्या दाजींची आणि माझी नजर भेटायची आणि आम्ही दोघं हसू दाबायचो.

अशी काही वर्षं गेली. रस्ता चौपदरी झाला, गाडीही बदलली. आप्पा सुकत गेले, पण तक्रारीत कधी कमी पडले नाहीत. एका मंगळवारी, डायलिसिस झाल्यावर आम्ही दोघंच परतत होतो. थंडीचे दिवस होते, उन्हं उतरणीला लागली होती, दोन्ही बाजूंना ऊस उभा. आप्पा मागच्या सीटवर होते.

“आज लई बेस चालवलीस रं, शीतल,” ते म्हणाले. “कवा निघालो आन् हितवर कवा आलो, कळलं सुदीक न्हाई.”

मला आनंद झाला. जन्मात पहिल्यांदा त्यांनी मला चांगलं म्हटलं होतं. थोडा वेळ मी तसाच चालवत राहिलो, स्वतःवर खूश होऊन. मग एकदम मला ते ‘सायीवरनं चालल्यागत’ आठवलं. मी गाडी बाजूला घेतली, थांबवली आणि मागं वळून बघितलं.

आप्पा हसत होते. दाराच्या वरची मूठ दोन्ही हातांनी धरली होती आणि पाहुण्यांकडे बघून हसावं तसे माझ्याकडे बघून हसत होते.

“आप्पा,” मी म्हणालो, “मी पाव्हणा न्हाई. कुठं दुखतंय ते सांगा.”

त्यांचं हसणं हळूहळू उतरलं आणि त्यांनी मूठ सोडली.

“सगळीकडंच दुखतंय रं, पोरा,” आप्पा म्हणाले.